दोनदा हसू आले

पुस्तक परत आलं ते खाकी कव्हर घालून. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री वडील घालायचे तसं, कडा आत दुमडून, कुठेही चिकटपट्टी न लावता. आमच्या ठाण्यातल्या वाचनकट्ट्याचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही नुसतं 'काका' म्हणतो, ते कुणाचंही पुस्तक नेलं की असं सजवूनच परत करतात. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, टिपणीच्या तिरक्या अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: 'पूर्ण वाचले. तळटीपा फार. हसू आले – दोनदा.' खाली तारीख आणि बारीकशी सही. सगळी नोकरी मंत्रालयात फायली चालवण्यात गेलेला माणूस सहीशिवाय मत देत नाही.

ते 'दोनदा' माझ्या डोक्यात अडकून बसलं. चारेकशे पानांचं विनोदी पुस्तक आणि हसू मोजून दोनदा? 'एकदाही नाही' असं असतं तर मी सोडून दिलं असतं. प्रत्येकाची आवड वेगळी, म्हणून गप्प बसले असते. पण दोनदा म्हणजे ती दोन ठिकाणं ठरलेली आहेत, काकांना ती पक्की ठाऊक आहेत, आणि त्यांनी ती कुठेही नोंदवलेली नाहीत. मी पुस्तक दिव्याखाली धरून पान अन् पान पाहिलं. पेन्सिलीची टिकली, दुमडलेला कोपरा, चहाचा थेंब, काहीतरी सापडेल म्हणून. काही नाही. माझी प्रत माझ्याकडे होती त्याहून स्वच्छ होऊन आली होती.

पुस्तक म्हणजे 'गुड ओमेन्स'. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन या दोघांनी मिळून लिहिलेलं, १९९० सालचं. जगाचा शेवट येत्या शनिवारी, चहापाणी उरकल्यावर व्हायचा आहे. स्वर्गाचा एक देवदूत आणि नरकाचा एक प्रतिनिधी सहा हजार वर्षं पृथ्वीवर राहून इथल्या जेवणाला, पुस्तकांना, मोटारींना चांगलेच सोकावलेत आणि तो शेवट टळावा म्हणून दोघं आपापल्या वरिष्ठांची नजर चुकवून धडपडतायत. सैतानाचं बाळ इस्पितळातल्या गोंधळात भलत्याच घरी गेलंय आणि ऑक्सफर्डशायरमधल्या लोअर टॅडफील्ड नावाच्या खेड्यात सवंगड्यांबरोबर उंडारत अकरा वर्षांचं झालंय. गोष्ट एवढीच. पण एवढं सांगून पुस्तकाबद्दल काही सांगितल्यासारखं होत नाही, आणि नेमका तिथेच आमच्या कट्ट्यावर वाद पेटला होता.

आयटीतला आमचा एक मुलगा आहे. तो पुस्तकाचं परीक्षण करत नाही, पंचनामा करतो. त्याचं म्हणणं, पहिल्या शंभर पानांत घडतं काय? बाळाची अदलाबदल. ती दहा पानांत उरकली असती. बाकीची नव्वद पानं लेखक जाईल तिथे थांबतात, आजूबाजूचं दाखवतात, त्यावर टीप देतात आणि टीपेवर पुन्हा शेरा मारतात. "दर दोन वाक्यांनी ते माझ्याकडे वळून बघतायत असं वाटतं, कसा होता जोक म्हणून." हे त्यानं बोलून दाखवलं तेव्हा मला राग आला, कारण ते खरं आहे. या पुस्तकात थोडा मखलाशीपणा आहेच. आपण किती हुशार आहोत याची लेखकांना पूर्ण कल्पना आहे आणि ती लपवायचे कष्ट ते घेत नाहीत. शेवटाकडे ते चार मोटारसायकलवाले बायबलमधल्या जगबुडीच्या चार स्वारांच्या मागे लागतात आणि स्वतःला नवी नावं ठेवून घेतात, ते प्रकरण तर मी दर खेपेला भराभर पानं उलटून संपवते. इंग्लंडातल्या पबमध्ये बसून ऐकलं तर कदाचित मजा येत असेल.

तरीही मी पुस्तकाच्या बाजूनं भांडले. मला गोष्ट पुढे जायची घाई नव्हती. क्रॉली, म्हणजे तो नरकाचा माणूस, आपल्या १९२६ सालच्या बेंटलीत कुठलीही कॅसेट पंधरवडाभर ठेवतो आणि ती आपोआप 'क्वीन' या रॉक बँडच्या गाण्यांची होते. बाखची असो नाहीतर विवाल्डीची. कथेला याचा उपयोग काय? जवळपास शून्य. अझिराफेल, म्हणजे तो देवदूत, लंडनच्या सोहोमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकानं पुस्तक विकत घेऊ नये म्हणून मारहाण सोडून बाकी सगळे उपाय करतो. याचाही उपयोग शून्य. पण मला ते दुकान दिसतं. दमट वास, वेळीअवेळी बंद असणारं दार, आणि आत आपल्याकडे 'हा आता काही विकत तर नाही ना घेणार' अशा काळजीनं बघणारा मालक. असा मालक मला पुण्यात एकदा खरोखर भेटलाय. त्यानं मला हवं असलेलं पुस्तक हातातून काढून घेतलं आणि 'हे चांगलं नाहीये' असं सांगून स्वतःच्या गादीखाली सरकवलं.

इंग्लंडात या पुस्तकावर लोकांचा जीव आहे. २००३ मध्ये बीबीसीनं तिथल्या वाचकांकडून त्यांच्या सगळ्यांत लाडक्या कादंबऱ्यांची मतं मागवली, त्यात हे ६८व्या क्रमांकावर आलं. पण मला त्या क्रमांकापेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. या दोघा लेखकांकडे सहीसाठी जी पुस्तकं यायची, ती कोरी नसायची. आंघोळीच्या टबात पडून फुगलेली, डबक्यात भिजलेली, सूपमध्ये पडलेली, चिकटपट्टीनं आणि सुतळीनं कशीबशी बांधलेली. ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. पुस्तकाविषयीचं मत असंही देता येतं. माझी प्रत मात्र खाकी कव्हरात, इस्त्रीला दिल्यासारखी.

कट्ट्यावर सगळ्यांत जोरात कुणी हसलं असेल तर आमची वसईची मैत्रीण. ती रोज गाडी घेऊन घोडबंदर रोडनं ठाण्याला येते, आणि तिला पहिल्याच प्रकरणांत एम-२५ भेटला. लंडनला वळसा घालणारा हा वर्तुळाकार महामार्ग १९८६ मध्ये पुरा झाला, लांबी १८८ किलोमीटर, आणि पुरा झाल्या दिवसापासून त्यावर गाड्या तुंबतात. पुस्तकात असं आहे की हे क्रॉलीनंच घडवून आणलं. थोडी लाच, थोडी संगणकात ढवळाढवळ, आणि एका रात्री चिखलात उतरून आखणीच्या खुंट्या काही मीटर इकडच्या तिकडे. परिणाम असा की नकाशावर त्या रस्त्याचा आकार एका प्राचीन सैतानी अक्षराचा झाला आणि त्यावरून रोज रखडणारे हजारो लोक नकळत त्या अक्षराची प्रदक्षिणा घालून बारीक बारीक पाप दळायला लागले. "बाई गं," ती म्हणाली, "गायमुखच्या चढावर पाऊण तास उभं राहिल्यावर मी जे तोंडातल्या तोंडात बोलते, ते जातं तरी कुठे हा प्रश्न मला आहेच. आता कळलं. तिथे कुणीतरी खुंट्या हलवल्यात."

याच ठिकाणी मला हे पुस्तक खरं हुशार वाटतं. नरकातले जुने अधिकारी एकेका पाद्र्याला, एकेका पुढाऱ्याला वर्षानुवर्षं खपून भ्रष्ट करतात आणि त्या कारागिरीचा त्यांना अभिमान आहे. क्रॉली त्यांना अहवाल देतो की मी आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मध्य लंडनमधले सगळे मोबाइल फोन पंचेचाळीस मिनिटं बंद पाडले. बाकीच्यांना कळतच नाही, यात आत्मा कुठला मिळाला? तो समजावतो, पण त्यांच्या डोक्यात उजेड पडत नाही. पंचेचाळीस मिनिटं वैतागलेली माणसं संध्याकाळपर्यंत तो वैताग आपल्या हाताखालच्यांवर, ड्रायव्हरवर, घरी बायकोमुलांवर काढत राहतात, आणि क्रॉलीला पुढे काहीही करावं लागत नाही. हे १९९० सालचं. तेव्हा मोबाइल ही चैन होती. आता रोज कॉल तुटतात, रोज ओटीपी येत नाही, आणि समोरच्या काउंटरवरच्या पोरीशी आपण कसे बोलतो ते आपल्याला माहीत आहे.

आणखी एक जागा काळानं बदलून टाकली. जगबुडीच्या चार स्वारांपैकी रोगराई १९३६ मध्येच निवृत्त झाली, पेनिसिलिनविषयी काहीतरी पुटपुटत, आणि तिच्या जागी प्रदूषण आलं. दुष्काळ मात्र कामावर आहे आणि तो आता श्रीमंत देशांत डाएटची पुस्तकं विकतो, पोषण अजिबात नसलेलं खाणं तयार करून खपवतो. आधी वाचलं होतं तेव्हा रोगराईच्या निवृत्तीवर मी खुदकन हसले होते. २०२०च्या उन्हाळ्यात, दार बंद, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवलेली, समोरच्या इमारतीवर पालिकेचा फलक, तेव्हा ते पान पुन्हा काढलं. लेखक तिथेच म्हणून ठेवतात की म्हाताऱ्या रोगराईनं जरा दम धरला असता तर पुढे तिला केवढी संधी होती. मला हसू आलं नाही. पण पुस्तक मिटवावंसंही वाटलं नाही.

वसईच्या मैत्रिणीचं अजून थोडं सांगायला हवं, कारण कट्ट्यावर हे पुस्तक घरचं म्हणून वाचणारी ती एकटीच. ती कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातली, घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा कॅथलिक रिवाज, रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना. बायबलमधल्या प्रकटीकरणाचे ते चार घोडेस्वार आम्हाला पुस्तकातून कळले, तिला ते लहानपणी आजीनं घाबरवायला सांगितले होते. पुस्तकातल्या सैतानभक्त जोगिणींनी सतत बडबडत राहायचं व्रत घेतलंय. मनात येईल ते बोलून टाकायचं, फक्त मंगळवारी दुपारी अर्धा तास गप्प बसायची मुभा, वाटल्यास तेवढ्यात टेबल टेनिस. यावर तिला इतकं हसू आलं की तिनं ते पान कॉन्व्हेंटच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. म्हणजे राग आलाच नाही का, असं बाईंनी विचारलं. (बाई म्हणजे आमच्यातल्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका.) ती जरा थांबली. म्हणाली, जोगिणींचा नाही आला, सैतानाचा तर नाहीच. "पण स्वर्ग आणि नरक दोघं सारखेच निर्बुद्ध, असं म्हटलं की लेखक मोकळे होतात. माझ्या आजीची सगळी भिस्त वरच्या त्या ऑफिसवर होती. तिला ते असं नुसतं फायली सरकवणारं ऑफिस निघालेलं चाललं नसतं." मग म्हणाली, "मी हसले. पण घरी आईला सांगितलं नाही."

अमेरिकेत काहींना सांगावंसं वाटलं. २०१९ मध्ये या पुस्तकावरची मालिका आली तेव्हा तिथल्या एका ख्रिस्ती गटानं ती बंद करा म्हणून अर्ज केला. वीस हजारांवर सह्या. देवाचा आवाज बाईचा का, सैतान इतका गोड का, अशा तक्रारी. अर्ज नेटफ्लिक्सच्या नावे होता. मालिका अ‍ॅमेझॉनची होती. नेटफ्लिक्सच्या ब्रिटनमधल्या मंडळींनी गंभीरपणे कळवून टाकलं की बरं, आम्ही यापुढे अजून भाग काढणार नाही. पुस्तकातले स्वर्ग आणि नरक दोन्हीकडचे कारकून अगदी हेच करतात, चुकीच्या खात्याकडे पूर्ण गांभीर्यानं अर्ज पाठवतात. प्रॅचेट तोवर हयात नव्हता, २०१५ च्या मार्चमध्येच गेला. त्यानं याची तळटीप केली असती असं मला राहून राहून वाटतं.

आमच्याकडे देवाची थट्टा मुरलेली आहे, असं आपण अभिमानानं म्हणतो. कट्ट्यावरही कुणीतरी म्हणालंच. जनाबाई विठोबाला कसकसल्या शिव्या देते. तमाशाच्या गवळणीत वाट अडवणाऱ्या कृष्णाची मावशी भर रस्त्यात पार दैना करते. कोकणात दशावताराच्या सुरुवातीला काळा संकासुर येतो, वेद पळवलेला राक्षस, आणि त्याचं काम काय तर मालवणीत गावातल्या बड्या धेंडांची टोपी उडवणं. देवळाच्या आवारात, उत्सवाच्या रात्री, देवासमोर. लहानपणी मामाच्या गावी मी ते पाहिलंय. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोंडावरचा तो काळा बुरखा, आणि गावच्या सावकाराचं नाव निघालं की मागच्या रांगेतून उठणारा हशा. सावकारही हसायचे, न हसून सांगतात कुणाला. क्रॉली आमच्या ओळखीचा आहे तो तिथून. पण यावर फार फुशारकी मारावीशी वाटत नाही. आम्ही जे मजेत वाचलं ते दुसऱ्यांचे देव, दुसऱ्यांचे देवदूत. हीच कादंबरी दादरच्या चाळीत घडवून, आपले देव घेऊन कुणी आज लिहिली, तर तिच्यावरचं पहिलं मत वाचकाचं नसेल, वकिलाच्या नोटिशीचं असेल. संकासुराला देवळात जागा होती. छापील पुस्तकात त्याला ती मिळेल याची मला खात्री नाही.

काकांना शेवटी मी विचारलंच. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी चहाला गेले आणि कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "काका, दोनदा म्हणजे कुठे?"

त्यांना प्रश्न अपेक्षित असावा. "एक ती नाण्यांची टीप," ते म्हणाले. पुस्तकात एके ठिकाणी जुन्या ब्रिटिश नाण्यांची भली मोठी तळटीप आहे, तरुणांसाठी आणि अमेरिकनांसाठी म्हणून. दोन फार्दिंगचा अर्धा पेनी, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, असं करत करत शेवटी एक ओळ येते की ब्रिटिशांनी दशमान नाणी कितीतरी वर्षं टाळली, कारण त्यांना ती फार किचकट वाटायची. मी आणि आयटीतला मुलगा ती टीप हसून किंवा न हसून ओलांडून गेलो होतो. काका तिथे थांबले होते, कारण १ एप्रिल १९५७ ला ते शाळेत होते. त्या दिवशी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, हे कोष्टक पाठ करून झालेलं, आणि अचानक रुपयाचे शंभर. चार आण्याला पंचवीस नवे पैसे, ठीक. पण एका आण्याला सव्वासहा होतात आणि सव्वा देता येत नाही, म्हणून सहा. दोन आण्यांना बारा. तीन आण्यांना मात्र एकोणीस. "म्हणजे मी दुकानात चार वेळा एकेक आण्याची वस्तू घेतली तर चोवीस, आणि एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस," काका बोटं मोडून सांगत होते. "आमच्या नाक्यावरचा वाणी आम्हाला म्हणायचा, एकदम घ्या. आम्ही कशाला घेतोय? आम्ही चार फेऱ्या मारायचो." आणि ज्यांच्या राज्यात आपला हा आण्या-पैचा कारभार चालला, ते ब्रिटिश स्वतः १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत बारा नि वीसच्या हिशेबात अडकून बसले होते. आपल्या मागाहून चौदा वर्षं. काका हे सांगताना पुन्हा हसले. मग म्हणाले, हे तिसरं धरू नकोस.

दुसरी जागा त्यांनी पटकन सांगितली नाही. खिडकीबाहेर बघितलं, बशीतलं बिस्किट मोडलं. "ती झाडं," म्हणाले. क्रॉलीच्या घरात कुंड्या आहेत. झाडांशी बोललं की ती चांगली वाढतात असं त्यानं ऐकलेलं असतं, म्हणून तो बोलतो. म्हणजे दम देतो. एखाद्या झाडाचं पान पिवळं पडलं, वाढ मंदावली, की तो ते उचलून बाकीच्या सगळ्या झाडांसमोरून फिरवतो. निरोप घ्या म्हणतो तुमच्या मित्राचा. तासाभरानं रिकामी कुंडी घेऊन परत येतो आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवतो. त्याची झाडं अख्ख्या लंडनमधली सगळ्यांत हिरवीगार, टवटवीत. आणि सगळ्यांत घाबरलेली.

"मी कक्ष अधिकारी होतो," काका म्हणाले. "कुणाची बदली झाली की मी ऑर्डर मोठ्यानं वाचायचो. खुर्ची लगेच दुसऱ्याला देत नसे. महिनाभर तशीच राहू द्यायची, मधोमध. आमच्या कक्षात एक फाइल पेंडिंग नव्हती." आतून काकूंनी विचारलं, अजून चहा टाकू का. काका म्हणाले, टाक. मग माझ्याकडे वळून, "हसू आलंच की. चांगलं मोठ्यानं आलं. नंतर दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं."

परत येताना रिक्षात मला कट्ट्यावरची सगळी भांडणं आठवली आणि त्यातली बरीचशी पोकळ वाटली. तळटीपा जास्त की कमी, कथा पन्नासाव्या पानाला सुरू होते की शंभराव्या, हे आपण वाद घालायला सोपं म्हणून बोलतो. हसू कुठे आलं हे सांगणं अवघड असतं, त्यात स्वतःची उलटतपासणी होते. अर्थात यावर आयटीतला मुलगा म्हणणार, ताई, मला कुठेच आलं नाही, मग माझी कसली उलटतपासणी? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. काही पुस्तकं काहींना भेटतच नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट आम्ही पहिल्या बैठकीत टाळली होती आणि ती कट्ट्यावर नव्यानं यायला लागलेल्या कॉलेजच्या मुलीनं काढली. २०२४ पासून गेमनवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत. त्यानं ते नाकारले आहेत. ही मुलगी मालिकेमुळे पुस्तकाकडे आलेली. अझिराफेल आणि क्रॉली एकमेकांच्या प्रेमात आहेत की नुसते जुने दोस्त, यावर ती तासभर बोलू शकते, आणि काकांचं 'दोस्तच' हे मत तिनं चेहऱ्यावरची रेष न हलवता खोडून काढलं होतं. ती म्हणाली, मी हे पुस्तक आता विकत घेणार नाही, पण मला ते आवडतं, तर काय करू? कुणीच लगेच बोललं नाही. मग वसईची मैत्रीण म्हणाली, निम्मं प्रॅचेटचं आहे ना, ते निम्मं वाच. काकांनी विचारलं, निम्मं कुठलं? आणि तिथेच गाडी अडली. दोघांनी फ्लॉपी डिस्क पोस्टानं पाठवत, रोज फोनवर एकमेकांना परिच्छेद वाचून दाखवत ते लिहिलं होतं. सुरुवातीला खेड्यातला मुलगा नि त्याचे सवंगडी बरेचसे प्रॅचेटकडे, चार स्वार बरेचसे गेमनकडे. पुढे पुढे सगळं एकात एक मिसळलं, हे प्रॅचेटनंच सांगून ठेवलंय. अणुभट्टी गायब होते आणि तिच्या जागी लिंबाची एक गोळी सापडते, ते मी मनातल्या मनात प्रॅचेटच्या नावावर टाकते, कारण तो आधी वीज मंडळात अणुवीज केंद्रांचा प्रसिद्धी अधिकारी होता. पण तोही माझा अंदाज, सोयीचा. ती मुलगी शेवटी माझी प्रत वाचायला घेऊन गेली. उसनी घेतलेली चालते, असा तिनं स्वतःपुरता निकाल लावला. मला तो अर्धवट वाटला आणि त्याहून बरा मला सुचलाही नाही.

बाईंचं वाचून व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यांनी वेगळी प्रत मिळवली होती आणि त्या रोज रात्री थोडं थोडं, शब्दकोश उशाशी ठेवून वाचायच्या. परवा रात्री साडेअकराला ग्रुपवर त्यांचा लांबलचक मेसेज आला. सतराव्या शतकातली ॲग्नेस नटर नावाची चेटकीण जगातलं एकमेव तंतोतंत खरं भविष्याचं पुस्तक लिहिते. खपत एकही प्रत नाही, आणि तिनं ते छापायलाच दिलेलं असतं लेखकाला एक प्रत फुकट मिळते म्हणून. पुढची तीनशे वर्षं तिचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या त्या एका प्रतीचे अर्थ लावत, कार्डांवर नोंदी करत जगतात. बीटामॅक्स (पुढे मागे पडलेली ती व्हिडिओ कॅसेट) विकत घेऊ नका, इतकं बारीक त्यात आहे. जग वाचतं, आणि दुसऱ्या दिवशी एक वकील शेवटच्या वंशज मुलीच्या दारात एक पेटी आणून देतो. आत भाग दुसरा. तिचा मित्र तिला एवढंच विचारतो, जन्मभर वंशजच राहायचंय का? पुढे लेखक काही सांगत नाहीत. घराच्या धुराड्यातून पांढरा धूर निघतो, बस.

बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या सासरी माळ्यावर एक ट्रंक आहे. आजेसासऱ्यांच्या हातच्या कुंडल्यांच्या वह्या, अख्ख्या घराण्याच्या, पुढे जन्मणाऱ्यांसाठी कोऱ्या सोडलेल्या पानांसकट. दर साफसफाईला ती खाली उतरते आणि पुसून परत वर जाते. 'तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा.' काकांनी कळवलं, आधी अनुक्रमणिका करावी. आयटीतल्या मुलानं लिहिलं, स्कॅन करून ठेवतो, मग जाळा. वसईचं एका शब्दात उत्तर आलं, जाळते. कॉलेजची मुलगी झोपली असावी. मी टाइप केलं, "जाळलं असतं, पण आधी पुढच्या आठवड्याचं पान वाचून."

बाईंचं लगेच आलं: "तेच ना. म्हणून तर ट्रंक अजून माळ्यावर आहे."